तीनदा मागितलेली चोच

माझे बाबा एकतीस वर्षं जहाजांवरच्या स्वयंपाकघरात होते, आणि त्यातली निम्मी तरी त्यांनी डबे उघडण्यात घालवली. मटारचे, मक्याचे, माशांचे, दुधाचे. जहाजावर सगळे त्यांना टिनमास्तर म्हणत. लहानपणी मला त्याची भारी लाज वाटायची. मैत्रिणींचे वडील कोणी डॉक्टर, कोणी बँकेत, आणि माझे काय करतात, तर डबे फोडतात! एकदा मी तसं त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते रागावले नाहीत. "फोडत नाही, उघडतो," एवढंच म्हणाले.

त्यांचं हत्यार एकच. लाकडी मूठ, पुढे बाकदार पोलादी टोक आणि टोकाखाली डब्याच्या काठाला धरणारी खाच. त्याला ते चोच म्हणत. टोक खुपसायचं, खाच काठाखाली अडकवायची आणि मूठ वर-खाली करत पुढे सरकायचं. सांगायला सोपं आहे. मी उघडलेल्या डब्याची कड करवतीसारखी दातेरी यायची, बाबांची सरळ.

त्यांचे नियम दोनच होते. डबा हातात आला की आधी झाकण अंगठ्याने दाबायचं. ते आत जाऊन टक् करून पुन्हा वर आलं, तर आत काहीतरी बिघडलंय, डबा थेट कचऱ्यात. दुसरा नियम, झाकण पूर्ण कापायचं नाही. दोन बोटं कड सोडायची आणि झाकण दारासारखं मागे वळवायचं, म्हणजे ते आत पडत नाही आणि काढताना कोणाचं बोट कापत नाही. घाई असो, वादळ असो, जेवायला चाळीस माणसं खोळंबलेली असोत, यात बदल नाही. एकतीस वर्षांत त्यांच्या हातच्या डब्याने कोणाचं पोट बिघडलं नाही. हे मला कळायला पन्नाशी गाठावी लागली.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. आई जाऊन नऊ वर्षं झाली होती, दोन खोल्यांत ते एकटेच. स्वयंपाकघरात पडले ते सात तास तसेच पडून होते. ते सात तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन महिने हॉस्पिटलात काढल्यावर पाय सुधारला, जीभ वळू लागली, उजवा हात मात्र लटकताच राहिला.

बाबांना त्यांच्याच घरी जायचं होतं. मला त्यांना माझ्या घरी न्यायचं होतं. निकाल लावणार होत्या हाताचे व्यायाम घेणाऱ्या बाई. हॉस्पिटलात सरावासाठी एक छोटं स्वयंपाकघर होतं. माणसाने कोणाच्या मदतीशिवाय डबा उघडायचा, गरम करायचा, खायचा. जमलं तर एकट्याने घरी, नाही तर कोणाकडे तरी.

बाबांनी मला सरावाच्या पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "घरून चोच आण." मी म्हटलं, सापडत नाही. नंतर आणखी दोनदा मागितली. दोन्ही वेळा मी म्हटलं, सगळं घर पालथं घातलं, नाही मिळाली. खरं सांगते, चोच माझ्या पर्समध्ये होती. ती हातात आली की हा माणूस एका हाताने डबा उघडणार आणि पुन्हा त्या फरशीवर एकटा राहणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

परीक्षेच्या दिवशी बाईंनी मटारचा डबा आणि चावी फिरवायचा ओपनर पुढे ठेवला. बाबांनी डावा अंगठा झाकणावर दाबला. टक्. त्यांनी डबा बाजूला सरकवला.

"काका, जमत नाहीये का?"

"जमेल. पण हा मी उघडणार नाही."

बाई कागदावर काहीतरी लिहू लागल्या. मी जिंकले होते. पण जीभ जड झालेला तो माणूस मान खाली घालून उभा होता, आणि बाई त्यांना नापास करत होत्या, तेही डबे उघडण्यात! माझं डोकंच फिरलं.

"अहो बाई, डबा फुगलाय! दाबून बघा. हा खाऊन कोणी आजारी पडलं असतं म्हणजे?"

बाईंनी दाबून पाहिलं, तारीख वाचली आणि गोऱ्यामोऱ्या झाल्या. सरावाच्या कपाटात तो किती दिवस पडून होता कोणास ठाऊक. त्यांनी अननसाचा नवा डबा आणला. बाबांनी तो दाबला आणि मान डोलावली. मग चावीचा ओपनर उचलला, फिरवून पाहिला आणि खाली ठेवला. एका हाताने पकड आवळायची आणि दुसऱ्याने चावी फिरवायची, असा तो होता.

मी पर्स उघडली आणि चोच त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ओट्याखालचा ड्रॉवर ओढला, डबा त्यात उभा केला आणि कमरेने ड्रॉवर रेटून धरला. डबा घट्ट अडकला. मग डाव्या हाताने टोक खुपसलं. पहिल्यांदा निसटलं. दुसऱ्यांदा बसलं, आणि मूठ वर-खाली होत सावकाश पुढे सरकू लागली. दोन बोटं कड राहिली तिथे ते थांबले आणि झाकण मागे वळवलं. बाईंनी कडेवरून बोट फिरवलं आणि हातातला कागद फाडून नवीन घेतला.

फोडी गरम करून खायच्या की नाही यावर बाबांनी बाईंशी वाद घातला आणि जिंकले. बाई डॉक्टरांची सही आणायला गेल्यावर मी त्यांच्यासमोर बसले.

"बाबा, ती माझ्याकडेच होती."

"माहीत होतं. पर्स खुर्चीवर टेकवलीस की ठण् वाजायची."

"मग आज का नाही मागितलीत?"

त्यांनी एक फोड काट्याला टोचून माझ्यापुढे धरली.

"तीनदा मागितली. पोरीला अजून किती वेळा खोटं बोलायला लावायचं?"