आबांच्या विहिरीतली नदी

विहिरीत टेप सोडून पाणी किती खोल आहे ते मोजणं, हे माझं काम. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या ठरलेल्या विहिरी पावसाळ्याआधी मोजायच्या, पावसाळा सरला की पुन्हा मोजायच्या, बाटल्या भरून प्रयोगशाळेत द्यायच्या. मांडवगण फराट्याला गेले की पारावरचे एक आप्पा हटकून विचारतात, "म्याडम, बोर कुठं घिऊ त्येवढं सांगा की." मी म्हणते, कुठंच घेऊ नका. मग ते हसतात आणि तळहातावर नारळ घेऊन फिरणाऱ्या पाणाड्याला बोलावतात. तो निदान जागा तरी दाखवतो.

राहू या आमच्या गावची विहीर माझ्या कामात नव्हती. पण सुटीत घरी गेले की माझी टेप तिच्यातही सुटायचीच. ती माझ्या वडिलांची, आबांची विहीर.

आमचे आजोबा मेंढरांमागं हिंडायचे. आबांचं बालपण वाड्यावर गेलं. वाडा म्हणजे आज या रानात तर उद्या त्या रानात बसणारा कळपाचा मुक्काम. ते हिंडणं थांबलं विहिरीमुळं. आबांनी आणि आईनं मिळून ती खणली. काळा खडक फुटून पूर्वेच्या अंगाला मनगटाएवढा झरा लागला, तेव्हा आबा तळाशी उभे राहून ढसाढसा रडले, असं आई सांगते. आबांचं म्हणणं एवढंच, "पानी लागलं तवा आपुन गाववालं झालो."

मेंढक्यांची एक रीत असते. अनोळखी पाणवठ्यावर कळप एकदम सोडायचा नाही. आधी आपण घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा. बरा लागला तर गिळायचा आणि मेंढरं पाण्यावर घालायची. नाही तर थुंकायचा आणि कळप पुढं हाकायचा, मग तो कितीही तहानलेला असो. आबांची मेंढरं गेली, रीत राहिली. लग्नाच्या मांडवातला पेला असो की तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारातला माठ, पहिला घोट घोळवणार आणि बहुतेक वेळा पचकन थुंकणार. आम्हा भावंडांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. न घोळवता ते एकच पाणी प्यायचे, आपल्या विहिरीचं.

मग शिवारभर बोअर झाले. आमचेही झाले, उगाच दुसऱ्याला कशाला नावं ठेवा. झरा बारीक होत होत आटला. उसाला तर पाणी हवंच. दादानं नदीवरून पाइपलाइन ओढली आणि विहिरीत सोडली. आमच्याकडं सगळे असंच करतात, नदीचं पाणी विहिरीत आणि विहिरीतून पिकाला. आता मुळा-मुठा आमच्यापर्यंत येते ती पुण्याच्या अंघोळी, धुणी आणि बाकी सगळं उरकून येते. पुणेकरांनी एकदा उन्हाळ्यात आमच्या काठावर येऊन खोल श्वास घ्यावा, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.

विहीर तुडुंब भरली. आबा कठड्यावर बसून आल्यागेल्याला ती दाखवायचे. मी पाणी तपासलं आणि घरात सांगितलं, हे प्यायचं नाही. घरात विकतच्या पाण्याचा जार आला. आबांनी जारचा पहिला घोट अंगणात थुंकला. "ह्ये मेल्यालं पानी हाय," म्हणाले. पण लेक सांगते म्हणून तेच पीत राहिले. आणि विहिरीवर जाऊन बसणं त्यांनी बंद केलं. ते मला फार लागलं, अजून लागतं.

यंदाच्या उन्हाळ्यात आबा अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं. अन्न सुटलं होतं. एका सकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं. "बाय, झऱ्याचं पानी पाज मला. पायपातलं न्हाई, झऱ्याचं."

बाहेर येऊन मी दादाला म्हटलं, "पाइप बंद कर आणि विहीर उपस."

"ऊस वाळंल की गं."

"वाळू दे."

लाईट होती, दादानं मोटार चालू केली.

विहीर उपसायची आणि ती परत किती वेळात भरते ते बघायचं, हे मी परक्यांच्या बांधावर किती वेळा केलं असेल. आपल्या बापासाठी ही पहिलीच वेळ. पाणी उतरलं तसा काळा गाळ उघडा पडला, वास वर आला. दादा खाली उतरला, गजानं झऱ्याचं तोंड मोकळं केलं. मी कठड्यावर बसून राहिले. किती तरी वेळ खडक कोरडाच होता. दुपार कलताना फटीतून ओल आली, मग थेंब.

"आलं गं, आलं!" दादा गाळात नाचायला लागला. एवढा बाप्या माणूस, रडत होता आणि नाचत होता.

मला मात्र हुंदका आवरेना. मला माहीत होतं ते काय पाणी आहे. इतकी वर्षं विहिरीत कोंडलेली नदी आजूबाजूच्या खडकात मुरली होती, आणि विहीर रिकामी झाल्यावर तीच परत येत होती. आबांचा झरा कुठंच उरला नव्हता. हे दादाला सांगायची माझी छाती झाली नाही. त्यानं थेंब थेंब पेला भरला, मी तो फडक्यानं गाळला. त्याऐवजी जारचंच पाणी द्यावं, असंही मनात आलं. पण आबांच्या जिभेला कोण फसवणार?

त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि पेला ओठाला लावला. त्यांनी घोट तोंडात घोळवला. आईनं सवयीनं थुंकायला वाटी पुढं धरली. आबा बराच वेळ घोळवत राहिले आणि मग त्यांनी तो गिळला.

"झऱ्याचंच हाय न्हवं, आबा?" दादानं विचारलं. त्याच्या अंगावर अजून गाळ होता.

"व्हय रं. ग्वाड हाय."

दादा डोळे पुसत बाहेर गेला. आबांनी माझ्याकडं बघितलं. "नदीच हाय ना ही?"

मी मान डोलावली. "मग थुंकला का नाही तुम्ही?"

"थुकलं म्हंजी म्होरं जायाचं आसतं, बाय," आबा म्हणाले. "आता म्होरं पानवठा कुठं हाय?"

पेल्याच्या तळाला थोडं उरलं होतं. ते मी पिऊन टाकलं.