न विचारता काढलेली रील

मैत्रिणींनो, माझी तंबाखूविरोधी रील तुम्ही कौतुकाने पुढे पाठवलीत. खर्ऱ्याने काळे झालेले ते दात आमच्या अनसिंगच्या भाजीवाल्या किसनभाऊंचे होते. मी न विचारताच त्यांचा व्हिडिओ काढला होता.

आज भाजीच्या गाडीवर त्यांची मुलगी होती.

"काकू, कायले टाकलं तुमी ते? कॉलेजातले पोरं मले दाखवून दाखवून हासतात. बाबा घरातच बसून राह्यले. खर्रा सोडून दोन महिने झाले होते त्यायले. काल पुन्हा आणला."

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही शेजारणीची पेन्सिलही विचारल्याशिवाय घेत नसू. मी तर माणसाचा चेहराच घेतला.

रील मी काढून टाकली आहे. उद्या किसनभाऊंची माफी मागायला जाणार आहे. त्याआधी तुमच्या फोनमधूनही ती पुसाल का?