मधली जागा

चिताऱ्यांचा इतका दुस्वास करणारा आणि एका चित्रावर इतका जीव टाकणारा माणूस गवंडीमामांखेरीज साऱ्या सौदीत दुसरा नव्हता. मामा मूळचे वेंगुर्ल्याचे. धाहरानच्या आमच्या कॅम्पात ते माझ्या वरच्या बंकवर झोपत. एका जुन्या कॅलेंडरवर इटलीतलं पाचशे वर्षांपूर्वीचं भिंतीवरचं चित्र होतं: लांब टेबलाशी जेवायला बसलेले तेरा जण, रंग पापुद्र्यांनी उडालेला. इंजिनिअरने ड्रॉइंग वाचावं तसं मामा ते पान वाचत. ओल्या गिलाव्यावर रंगवलं की रंग चुन्यात मुरतो, पण हात झरझर चालावा लागतो. त्या थोर चिताऱ्याला मात्र सवड हवी होती. "सुक्यार रंगवल्यान, म्हणान उडला. गवंड्याक इचारूक व्हया होता," हे आम्ही दर जेवणाला ऐकायचो.

दोन हजार चार साली मामांनी मेसच्या भिंतीवर ती चूक सुधारायला घेतली. चुना महिनाभर पिंपात भिजवला. दर शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी एका चेहऱ्यापुरताच गिलावा. तो वाळू नये म्हणून भोवती ओली गोणपाटं आणि पंखे बंद. आम्ही घामाने निथळत खबूसची रोटी चावायचो. वेल्डरने एकदा पंखा लावला, तर त्याचा चेहरा तीन शुक्रवार पुढे ढकलला गेला. कारण चेहरे आमचेच होते. बारा झाले. मधली जागा कोरी होती, आणि तिथे कोण यावरून फिटर नि मल्याळी कुक यांच्यात बोलणं बंद होतं.

मी तेव्हा निनावी पत्रकं लिहायचो. पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे मालकाच्या कपाटात, प्यायला खारट पाणी. विषय भरपूर होते. सगळ्यांची नजर मधल्या जागेवर असते, म्हणून एका सकाळी मी पत्रक तिथेच खळीने चिकटवलं. सुपरवायझर ते फाडायला आला आणि मेसमध्ये कधी न जेवलेल्या त्या माणसाने ते बारा चेहरे पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळपर्यंत भिंत खलास करा, म्हणाला.

पुसून जाईना, रंग मुरला होता. मामांनी दुसऱ्या कुणाला छिन्नी धरू दिली नाही. आधी भिंत भिजवली. "पोरांच्या डोळ्यांत धूळ जावक नको," म्हणाले, आणि एकेक चेहरा फोडला.

पत्रक कुणाचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी माफी मागायला गेलो तेव्हा ते छिन्नी धूत होते. "थंय तुकाच बसवचो होतो," मान वर न करता म्हणाले. "तू कागद बसवलंस."

पत्रकातली एकही मागणी मान्य झाली नाही. भिंत मात्र मामांनी इतकी गुळगुळीत करून दिली, की तिथे कधी कुणी जेवायला बसलं होतं, हे आता कुणाला पटत नाही.