काकाचं डोळ्याचं औषध
बाळकुम गावातल्या आमच्या खळ्यावर भात झोडताना आईच्या डोळ्यात तूस उडालं. डोळा लालभडक झाला, घळाघळा पाणी वाहू लागलं, उजेड सोसवेना. काका घरातला दीडशहाणा. त्याने मधात कांद्याचा रस कालवून तिच्या डोळ्यात घातला आणि डॉक्टरकडे जाऊच दिलं नाही. बुबुळावर पांढरं फूल पडलं, तेव्हा कुठे ठाण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, तुसाची जखम भरली असती, ती या औषधाने चिघळली. डोळा गेला तो गेलाच.

पुढच्या सुगीत काकाच्याच डोळ्यात तूस गेलं. घरात कांदा होता, मधही होता. हा मेला तडक ठाण्याला पळाला. बरा होऊन आला आणि आईलाच म्हणतो कसा, “वहिनी, डोळ्याच्या बाबतीत हयगय करू नये.”