शांत तासासाठी हलगी

चहाचा घोट आधी गिळून घ्या, कारण माझा पराक्रम ऐकून तो घशात अडकेल. माझ्या तर अजून अडकतो!

तुम्हाला माहीतच आहे, मी निवृत्त मास्तर आणि गावाचा सूत्रसंचालक. क्रांती चौकापासून सिल्लोडपर्यंत असा एक सत्कार दाखवा, ज्यात शाल, श्रीफळ आणि सोनवणे सर नाहीत! चाळीस वर्षं माइक हातात. बायको म्हणते, घरातही तुम्ही मीठ मागता तेव्हा शेजारचे टाळ्या वाजवतात.

तर आमच्या शेजारी फरजानाभाभी राहतात. शिवणकाम करतात. त्यांची झोया बावीस वर्षांची. तिला ऑटिझम आहे, म्हणजे स्वमग्नता. आपण गोंगाट कानाआड करतो, झोयाला ते जमत नाही. पंखा, हॉर्न, फोन, सगळं एकदम कानात शिरतं. मग ती कान झाकते, पुढंमागं डुलते, हळू गुणगुणते. पण वाचनाचं वेड असं, की वाचनालयातलं कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे तिला कपाटापेक्षा जास्त ठाऊक!

दर गुरुवारी चार ते पाच ती तिथं जायची. मग सभासदांनी तिच्या गुणगुणण्याची तक्रार केली. कार्यवाह धुमाळ भाभींना म्हणाले, "पोरगी गुणी हाय, पण लोकं बोंबलतेत. काही दिवस नका आणू."

भाभी मला सांगायला आल्या. "सर, अब भी हर जुमेरात को चार बजे चप्पल पहनके, थैली लेके दरवाजे में बैठती. पाच वाजले की चप्पल उतारती. तीन महिने हो गए. कुछ बोलती नहीं."

माझं रक्त खवळलं! "भाभी, हा तिचा कायद्यानं हक्क आहे! मी भांडतो!"

"भांडू नको, सर. अर्जी द्या. हफ्त्यात एक शांत घंटा, फोन बंद, गप्पा बंद. बस. ज्यादा तमाशा नक्को." आणि त्यांनी एक घडी घातलेला कागद दिला. "झोयानं स्वतः लिहिलं. तिला काय चालत नाही ते. आधी वाचा हं!"

"वाचतो की," म्हणालो आणि कागद फायलीत ठेवला.

आता मला सांगा, सूत्रसंचालक कागद आधी वाचतो का? तो थेट माइकवर वाचतो! तोच तर आमचा हातखंडा.

अर्ज लिहून त्याच फायलीत टाकला, पण एवढ्या मोठ्या हक्कासाठी नुसता अर्ज? छे! मी धुमाळांना गाठलं आणि वाचनालयातच कार्यक्रम ठरवला. गुरुवार, दुपारी चार. 'शांततेचा हक्क' असा बॅनर. दोन मोठे स्पीकर. मोगऱ्याचे हार, अगरबत्तीचा अख्खा पुडा, अध्यक्षांच्या हस्ते झोयाला हिमरू शाल. आणि स्वागताला हलगी.

"सर, शांत तासाला हलगी?" धुमाळांनी डोळे वटारले.

"धुमाळ, शांतता मागतोय हे लोकांना ऐकू नको का जायला?"

हे वाक्य मी बोललोय. शुद्धीवर असताना.

गुरुवारी झोया आली. चार वाजले होते, वाचनालय उघडं होतं, खांद्याला थैली होती. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. मागून भाभी आल्या. स्पीकर बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"सर, कागद वाचला ना?"

"आत्ता वाचणार! सरप्राइज आहे!"

हलगी कडाडली. झोयानं दोन्ही कान दाबले. मला वाटलं, लाजतेय पोर! तिला मी पहिल्या रांगेत बसवलं आणि भाषणाला सुरुवात केली. 'ही बिचारी', 'ही निष्पाप', 'हिला जग कळत नाही', सगळे ठेवणीतले शब्द काढले. सभागृह गहिवरलं. मग मी तो कागद उघडला.

"मला काय चालत नाही! लेखिका, झोया! क्रमांक एक, मोठा आवाज!"

स्पीकर कुंईऽऽ करून किंचाळला.

"क्रमांक दोन, अचानक टाळ्या! वा! एकदा जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत!"

अहो, तोंडाला सवयच तशी! तीस माणसांनी हात लाल होईस्तोवर टाळ्या पिटल्या.

"तीन, उग्र वास." हे वाचताना अगरबत्तीच्या धुरानं मलाच ठसका लागला. "चार, न विचारता अंगावर काही घालणं." आणि मीच आधी ठरवून दिल्याप्रमाणं अध्यक्षांनी त्याच क्षणी तिच्या अंगावर शाल टाकली.

आता मात्र माझा आवाज माझ्याच कानाला लागला. पाचवी ओळ मी जवळजवळ पुटपुटलो.

"मी समोर असताना मी नसल्यासारखं माझ्याबद्दल बोलणं."

वर पाहिलं. खुर्चीवर शाल होती. झोया नव्हती.

बाहेर रस्ता, रिक्षा, ट्रक! भाभी फाटकाकडं धावल्या. आणि मी काय केलं असेल? माइक तोंडाला लावला! "झोया बेटा, असशील तिथून मंचाकडं ये!"

भाभी परत आल्या आणि त्यांनी माझ्या हातातून माइक काढून घेतला. चाळीस वर्षांत ही हिंमत मंत्र्यानं केली नव्हती. ओरडल्यासुद्धा नाहीत. "बस, सर," एवढंच म्हणाल्या. थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

तेवढ्यात धुमाळांनी मेन स्विच खाली ओढला. स्पीकर मेला, दिवे मेले, पंखे थांबले. आणि मागच्या कपाटांमधून बारीक गुणगुण ऐकू आली.

दोन कपाटांच्या मध्ये, जमिनीवर, डोळे मिटून झोया डुलत होती. मी पुढं सरसावलो, तर धुमाळांनी माझा सदरा धरला. "कुणी बोलायचं नाय, कुणी जवळ जायचं नाय. बसा गपगुमान."

सगळे बसले. हलगीवालासुद्धा. दहा मिनिटं कुणी खोकलंही नाही. एवढी शांतता आमच्याकडं मयतीलाही नसते! हळूहळू झोयाचं डुलणं थांबलं. तिनं थैलीतून पुस्तक काढलं आणि वाचायला लागली. ते बघून भाभींनी पदर तोंडाला लावला. माझेही डोळे भरले, खोटं कशाला बोलू.

धुमाळांनी माझ्या फायलीतून अर्ज उपसला, गुडघ्यावर ठेवून सही केली आणि माझ्या कानात म्हणाले, "हिचं गुणगुणणं पान उलटल्याएवढं हाय वो. बोंबलणारे आपणच."

मला राहवलं नाही. वाकून हळूच म्हणालो, "झोया, माझं चुकलं गं." माझं हळूच म्हणजे, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं.

तिनं मान वर केली नाही. "अजून पाच वाजले नाहीत."

पुढच्या गुरुवारी मी तोऱ्यात वाचनालयात गेलो. दारावर नवी पाटी, झोयाच्या टपोऱ्या अक्षरात. शांत तास, चार ते पाच. फोन बंद. गप्पा बंद. आणि खाली, जाड रेघ मारून: सोनवणे सर पाचनंतर.

"धुमाळ, हे काय?"

"नियम हाय, सर. मीटिंगमधी मंजूर झालाय. एकमतानं."

तेव्हापासून दर गुरुवारी चार वाजता मी वाचनालयाच्या पायरीवर बसतो. चप्पल घालून, थैली घेऊन. पाचाला झोया बाहेर येते, माझ्यासमोर थांबते आणि म्हणते, "आता बोला."

आणि तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं माइक गाजवलेल्या माणसाला तेव्हा एक शब्द सुचत नाही!