बाजाराचा भोंगा

माझ्या धाकट्या भावाला अख्खा भाजीबाजार भोंगा म्हणतो. टोमॅटोच्या क्रेटवर उभा राहून लिलाव पुकारायला लागला की पलीकडच्या गल्लीतले दुकानदारही तिथूनच भाव ऐकून घ्यायचे. घरात मात्र चहा हवा असला तरी खुणेने सांगणार, असला नग.

त्याला फिट यायच्या. औषधांनी भागेना, म्हणून डॉक्टरांनी छातीत कातडीखाली एक यंत्र बसवलं. ते मानेतल्या नसेला थोड्याथोड्या वेळाने बारीक झटका देतं आणि त्याची सगळी नोंद वायरशिवाय थेट हॉस्पिटलात पोचते. फिट थांबल्या. पण झटका आला की आवाज घोगरा व्हायचा. ऐन बोलीत आवाज फुटला की व्यापारी हसायचे, म्हणायचे, भोंग्यात पाणी गेलं.

हॉस्पिटलने एक लोहचुंबक दिलं होतं. ते छातीवर धरलं की यंत्र गप्प बसतं. अगदीच त्रास झाला तर घटकाभर धरायचं. या शहाण्याने ते चिकटपट्टीने छातीवर लावलं आणि रोज लिलाव संपेपर्यंत तसंच ठेवलं. मला पत्ताच नाही. यंत्र रोज सकाळी बंद का असतं, असं विचारायला हॉस्पिटलातून फोन आला, तेव्हा बिंग फुटलं. मी त्याला चांगलं उभं-आडवं घेतलं. मरायचंच असेल तर तसं सांग, म्हटलं.

तो म्हणाला, "ताई, माझ्याकडे दुसरं आहे काय? आवाज गेला तर मला कोण विचारतंय?"



पुढच्याच आठवड्यात, पुन्हा चुंबक लावून बोली चालू असताना फिट आली आणि तो क्रेटवरून पडला. डोक्याला टाके पडले, जीभ चावली गेली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर आमच्या हातात काही राहणार नाही.

शुद्धीवर आल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल?

"लिलाव कुणी पुरा केला?"

"तुला उचलून बाजूला ठेवलं आणि दुसऱ्याने पुकारला," मी म्हणाले. "कुणाचं काही अडलं नाही."

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

आता तो काट्यावर माल तोलतो. फिट नाही. खातो, झोपतो, बोलत मात्र नाही. लोक म्हणतात, ताईने भावाला वळणावर आणलं. वळणावर कसलं! त्याला फिट आली त्या दिवशी बाजार बंद पडला होता. व्यापारी, हमाल, सगळे हाताची घडी घालून उभे होते, आणि कितीही सांगितलं तरी त्याच्या जागी चढायला एकजण तयार होईना. हे त्याला सांगायला जीव तुटतो माझा. पण सांगितलं, तर तो उद्याच छातीला चुंबक लावून क्रेटवर उभा राहील.