कानाएवढा तुकडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की दुसरंच काहीतरी बोलून उठतो — आज मात्र उठणार नाही.

माझ्या दारावर पाटी आहे — अभिरक्षक. मी मूळचा सातारचा, नोकरी सांगलीत, संग्रहालय लहान. लोक विचारतात, म्हणजे नेमकं काय करता हो? वस्तू गोळा करतो, नोंदवतो, मांडतो — माझं ठरलेलं उत्तर. पाटीवरच्या त्या शब्दाचा खरा अर्थ मला एका बाईनं सांगितला होता. मी ऐकलाही. ऐकून काय केलं?

ठकूबाई जत तालुक्यातली, सारा जन्म मेंढरांमागं गेलेला. नवरा वारल्यावर त्याचं घोंगडं घेऊन आली. त्यानं कळपामागं चालता चालता चातीवर सूत कातलेलं, सनगराकडून विणून घेतलेलं. पोरं विकतचं ब्लँकेट पांघरतात, म्हणाली, तुमच्याकडं तरी राहील. नोंदवहीत अंगठा उठवला आणि विचारलं, "तुमी हितं काय करता, साहेब?"

"सांभाळतो."

"म्हंजी राखणदार म्हना की! मग सोपं न्हाई बरं. आमच्यात लांडग्यानं बकरू नेलं, तर उरल्याला कान तरी धन्याला आणून दावाय लागतो. न्हाईतर राखणदारानंच इकून खाल्लं म्हंत्यात."

आम्ही दोघंही हसलो.

लोकरीला ऊन दाखवावं लागतं, कडुनिंबाचा पाला बदलावा लागतो, महिन्याला एकदा घडी उलगडून बघावी लागते. मला ठाऊक नव्हतं? मीच तर इतरांना शिकवायचो. पण त्या वर्षी नव्या दालनाचं उद्घाटन होतं — फलक, पाहुणे, निमंत्रणपत्रिका. घोंगडं कपाटात राहिलं. नऊ महिने. मांडायला म्हणून उलगडलं, तर हातात भुगा आला. कसर लागलेली.

नोंदवहीत एक ओळ लिहायची होती. ठकूबाईला एक निरोप धाडायचा होता. एवढंच ना? मी काय केलं — जत्रेतून तसंच दिसणारं काळं घोंगडं आणलं, काचेच्या पेटीत मांडलं आणि खाली तिच्या नवऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली. पाहुण्यांनी त्या पेटीपाशी उभं राहून फोटो काढले. मीही आहे त्या फोटोत.

दोन वर्षांनी ती आली, सुनेचा हात धरून. डोळ्यांत मोतीबिंदू.

"दिसंना झालंय, साहेब. जरा हात लावू द्या की. त्येंच्या सुताला लय पीळ असायचा. बोटाला वळखू येतंय."

बोटाला ओळखू येतं — तीच तर भीती होती!

"मावशी, पेटी उघडता येत नाही. नियम आहे."

नियम खरा होता. म्हणून तर इतका कामाला आला.

तिनं काचेवरच तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. "घोंगडं असून गार लागतंय बघा," म्हणून हसली. निघताना सुनेला म्हणाली, "राखणदार कडक हाय. बरं हाय."

आणि मी — मी त्यांना चहा पाजला.

त्याला सहा वर्षं झाली. शाळेच्या सहली येतात, बाई ती चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवतात. मी खुर्चीतून उठतो, दारापर्यंत जातो, परत येऊन बसतो. पेटी तिथंच, चिठ्ठी तीच.

परवा सुनेचा फोन आला. ठकूबाईला आता अजिबात दिसत नाही. "सासूबाई इचारत्यात, घोंगडं बरं हाय न्हवं?"

"आहे," मी म्हणालो. परवासुद्धा.

मूळ घोंगड्याचा एक कोपरा वाचला होता — कानाएवढा. माझ्या टेबलाच्या खणात आहे, कागदात गुंडाळलेला. त्याचा पाला मात्र मी दर महिन्याला बदलतो. सूत पिळदार आहे. बोटाला कळतं.

जतची एसटी रोज सुटते. माझ्या खिडकीतून जाताना दिसते.